ऊसतोडणीचे यंत्र कोणाच्या मालकीचे?

महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात गेल्या काही हंगामांपासून तोडणी यंत्रांची संख्या वाढत चालली आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कृषी विकास योजनेखाली राज्यात ९०० यंत्रांना अनुदान देण्याचा निर्णय २०२३ साली झाला आणि त्यासाठी ३२१ कोटी ३० लाख रुपयांची तरतूद मंजूर झाली. यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती अनुदान म्हणून मिळते. वैयक्तिक शेतकरी, उद्योजक, शेतकरी संस्था, सहकारी व खाजगी कारखाने असे सर्व जण अर्ज करू शकतात. ज्यांच्या हातातला कोयता या यंत्रामुळे जाणार, त्या ऊसतोड कामगारांचे नाव मात्र या यादीत स्वतंत्रपणे कोठेच नाही.

या घटनेकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा श्रमिक चळवळीत दिसतात. यंत्र म्हणजे कामगाराच्या पोटावर पाय, तेव्हा त्याला फडात शिरूच देऊ नये, ही एक तऱ्हा. यंत्र म्हणजे प्रगती, ती थोपवता येत नाही, तेव्हा प्रवाहाबरोबर जावे, ही दुसरी. दोन्ही तऱ्हा अपुऱ्या आहेत. त्यांतील उणीव समजण्यासाठी हे यंत्र फडात नेमके काय करते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

यंत्र फडात कसे चालते

तोडणी यंत्र सरीवर स्वार होऊन चालते. पुढच्या बाजूस उंच धरलेली फिरती पाती उसाचे शेंडे छाटून बाजूला फेकतात. खाली दोन्ही अंगांना मळसूत्री आट्यांचे दंडगोल असतात. ते फिरता फिरता लोळलेला ऊस उचलून सरीत आणतात व शेजारच्या सरीतला ऊस वेगळा करतात. मागचा आडवा रूळ उभा ऊस पुढे वाकवतो, म्हणजे बुडख्याची बाजू आधी आत शिरते. जमिनीलगत दोन चकत्या परस्परविरुद्ध दिशेने फिरत असतात. त्यांच्या कडांना बसवलेली पाती ऊस बुडातून कापतात. कापलेला ऊस रुळांच्या रांगेतून आत ओढला जातो आणि शेवटी पात्यांच्या दोन जोड-रुळांमध्ये सापडून त्याचे वीतभर लांबीचे तुकडे होतात. हे तुकडे खाली पडत असताना वरचा मोठा पंखा त्यांतील पाचट ओढून शेतात उडवून देतो. स्वच्छ झालेले तुकडे चढत्या पट्ट्यावरून वर जातात आणि शेजारून त्याच वेगाने चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या जाळीदार ट्रॉलीत पडतात. तोडणे, सोलणे, मोळी बांधणे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणे, ही माणसाची चार कामे यंत्र एका फेरीत उरकते. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडतो. यंत्र नीट चालले तर दिवसाला शंभर टनांच्या पुढे जाते.

तथापि यंत्राच्या काही अटी आहेत. सरीची रुंदी पाच फूट असावी लागते. कमी रुंदीत चालणारी लहान यंत्रे आली असली, तरी तीन-साडेतीन फुटांच्या जुन्या लागणीत यंत्राची चाके उसाच्या बेटांवरूनच जातात. सरी लांब हवी, कडेला वळायला मोकळी जागा हवी, बांध व दगड नकोत. काळ्या जमिनीत अवकाळी पाऊस झाला की यंत्र आत जाऊ शकत नाही. ओल्या रानात ते घातलेच तर जमीन दाबली जाते आणि त्याचे परिणाम पुढे खोडव्याला भोगावे लागतात. चकत्यांची पाती बोथट झाली, तर बुडखा कापला जाण्याऐवजी फाटतो आणि फुटवा बिघडतो. तुकडे केलेल्या उसाला कापलेली तोंडे अनेक असतात. त्यांतून जंतू आत शिरतात, साखर घटते, रस चिकट होतो. म्हणून हा ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा लागतो.

या अटींचा अर्थ निव्वळ तांत्रिक नाही. लांब, सरळ, पाच फुटी सरी आणि मोकळी कड ही ज्याच्याजवळ सलग मोठे क्षेत्र आहे, त्याला सहज जमणारी गोष्ट आहे. दहा-पंधरा गुंठ्यांच्या तुकड्याचा धनी यंत्राच्या दृष्टीने गैरसोयीचा असतो. तोडणीचा कार्यक्रम यंत्राच्या सोयीने आखला जाऊ लागला, तर त्याचा ऊस मागे पडतो, वाळतो आणि वजनात घटतो. यंत्राने मोठ्या-लहान शेतकऱ्यांतील अंतर निर्माण केले नाही. परंतु शासनाने लक्ष घातले नाही, तर ते वाढवण्याची शक्ती यंत्रात आहे.

मागे उरलेला ऊस

सर्वांत महत्त्वाचा परिणाम मात्र टोळीवर होतो, आणि तो बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. यंत्र उभा, सरळ, दाट ऊस घेते. लोळलेला, चिखलातला, बांधाच्या कोपऱ्यातला आणि दगडांतला ऊस कोयत्यासाठी उरतो. अशा उसात तोडणी सावकाश होते. मजुरी मात्र टनावर असते. टनाचा दर वाढला, तरी दिवसाची कमाई घटू शकते, ती अशी. शिवाय पाऊस पडला, यंत्र बिघडले की कारखान्याला टोळ्या लागतातच. म्हणजे कोयत्याला पूर्ण काम द्यायचे नाही आणि सोडूनही द्यायचे नाही, अशी राखीव फौज तयार होते. मार्क्सने कारखानदारीच्या संदर्भात मांडलेला हा विचार उसाच्या फडालाही तंतोतंत लागू पडतो.

यात उचलीची भर पडते. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल टनांच्या हिशेबाने फेडायची असते. काम कमी मिळाले, हंगाम लवकर संपला की बाकी अंगावर राहते आणि पुढच्या दसऱ्यानंतर त्याच मुकादमाच्या टोळीत जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. २०२४-२५ चा हंगाम अनेक कारखान्यांत शंभर दिवसही चालला नाही. आखूड हंगाम, मधेच येणारे यंत्र आणि न फिटणारी उचल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर बेकारी आणि वेठ एकाच घरात एकाच वेळी नांदतात. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. कर्जापोटी श्रम बांधून घेणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला आणि असे कर्जही रद्द ठरवले. ऊसतोडीच्या उचलीला मात्र तो क्वचितच लावला जातो.

वाढ्यांचाही उल्लेख केला पाहिजे. कोयत्याने तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे म्हणजे वाढे ही उन्हाळ्याच्या तोंडाशी जनावरांची वैरण असते. टोळीच्या बैलांना ती मिळते आणि उरलेले वाढे विकून कामगाराच्या घरात मीठ-मिरचीचा पैसा येतो. यंत्र शेंडे छाटून शेतात विखरून टाकते. पाचट जमिनीवर पसरते, ते जाळले नाही तर जमिनीला उपकारकच ठरते, हा यंत्राचा खरा फायदा आहे. परंतु वाढ्याचा पैसा आणि वैरण गेली, ही बाब कोणत्याही प्रकल्प-अहवालात खर्चाच्या बाजूला मांडली जात नाही. शेतकऱ्याचीही निराळी तक्रार आहे. यंत्राच्या उसात पाचट राहते म्हणून वजनातून साडेचार-पाच टक्क्यांची वजावट होते. ती वजन-परीक्षा करून ठरत नाही, सरसकट ठरते.

कोयत्याचे समर्थन नको

मग यंत्र नकोच, असे म्हणावे काय? तसे म्हणणे म्हणजे कोयत्याचे समर्थन करणे होय, आणि कोयत्याचे समर्थन करण्यासारखे त्यात काही नाही. बीड, जालना, परभणी जिल्ह्यांतून, पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यातून कित्येक लाख स्त्रीपुरुष दरसाल बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांची नेमकी संख्या आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत निरनिराळी सांगितली जाते. राज्याच्या सर्वांत मोठ्या कृषी-उद्योगाला आपल्या कामगारांची मोजदादही नाही, हे त्यावरून दिसून येते. पहाटेच्या काळोखात फडात जायचे, रात्री-बेरात्री गाडी आली की भरायची, पाचटाच्या कोपीत राहायचे. आजारपणाच्या दिवशीही खाडा धरला जातो. स्त्रिया बाळंतपणाच्या दिवसांपर्यंत मोळ्या वाहतात. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्यात आल्याचे आढळले. ज्या कामाने माणसाची ही दशा होते, ते काम यंत्राने करावे, हीच समाजवादाची भूमिका असू शकते.

गांधीजींनी १९२४ साली यंत्राविषयीच्या एका संवादात शिवणयंत्राचा अपवाद मान्य केला होता. त्यांचा विरोध यंत्राला नव्हता, यंत्राच्या वेडाला आणि त्यातून मूठभरांच्या हाती साठणाऱ्या सत्तेला होता. डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला, त्याच्या मुळाशीही मालकी विकेंद्रित राहावी हीच दृष्टी होती. तोडणी यंत्राला हीच कसोटी लावली पाहिजे. हे यंत्र कोणाचे श्रम वाचवते आणि वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणाला मिळतो?

इतर देशांचा अनुभव

या प्रश्नाची तीन उत्तरे उसाच्या जगात मिळालेली आहेत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडची ऊसशेती मुळात पॅसिफिक बेटांतून आणलेल्या मजुरांच्या श्रमावर उभी राहिली. १८६३ ते १९०४ या काळात सुमारे ६२ हजार माणसे तेथे आणली गेली, कित्येकांना तर फसवून वा पळवून नेले होते. १९०१ च्या कायद्यान्वये त्यांतील बहुतेकांना परत पाठवण्यात आले आणि गोऱ्या मजुरांनी कोयता हाती घेतला. त्यांच्या संघटना बळकट होत्या, मजुरी वाढत गेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर मिळेनासे झाले. तेव्हा यंत्र आले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील जवळजवळ सर्व ऊस यंत्राने कापला जाऊ लागला. यंत्र आले तेव्हा तोडणीवाल्याला दुसरीकडे काम उपलब्ध होते, ही यातील महत्त्वाची गोष्ट आहे.

क्यूबाने निराळी वाट घेतली. १९५९ च्या क्रांतीनंतर दुसरे काम मिळताच माणसे फड सोडून गेली. १९७० साली एक कोटी टन साखरेचा संकल्प सोडून सारे राष्ट्र फडात उतरवण्यात आले, तरी उत्पादन सुमारे ८५ लाख टनांवर थांबले. मग सोव्हिएत साहाय्याने ऑल्गीन येथे तोडणी यंत्रांचा कारखाना १९७७ मध्ये सुरू झाला. तेथे यंत्र माणसाला बेकार करण्यासाठी आले नव्हते, माणूस आधीच मोकळा झाला होता. परंतु १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तेल आणि सुटे भाग बंद झाले आणि यंत्रे जागच्या जागी उभी राहिली. यंत्र दुसऱ्याच्या तेलावर आणि सुट्या भागांवर चालत असेल, तर स्वातंत्र्यही तेवढेच असते, हा धडा त्या देशाला महागात पडला.

ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात १९८४ साली ग्वारीबा येथे ऊसतोड कामगारांचा मोठा उठाव झाला आणि मजुरीच्या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. पुढे ऊस जाळण्याच्या प्रथेवर २००२ च्या कायद्याने आणि २००७ च्या कारखानदारांशी झालेल्या कराराने टप्प्याटप्प्याने बंदी आली. जाळल्याशिवाय हाताने तोडणे परवडेना, म्हणून दहा वर्षांत यंत्रांनी फड व्यापला. हवा स्वच्छ झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु ईशान्येकडील दरिद्री भागांतून दरवर्षी येणाऱ्या कामगारांचे हंगामी उत्पन्न त्याबरोबर गेले. बालाघाटच्या डोंगररांगांतील गावांनी या तिसऱ्या उत्तरापासून सावध राहिले पाहिजे, कारण महाराष्ट्राची वाटचाल त्याच दिशेने चालू आहे.

मालक कोण?

ऊसतोडीच्या धंद्यातील मूळ प्रश्न असा की या कामगाराचा मालक कोण, हे कोणीच सांगत नाही. शेतकरी कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना वाहतूक ठेकेदाराकडे, ठेकेदार मुकादमाकडे. प्रत्यक्षात तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो, तोडणीचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या वाटाघाटींत ठरतो आणि तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचे शेतकी खाते आखते. एवढे सगळे असूनही अपघात झाला की जबाबदार कोणी नसतो. यंत्राची स्थिती याच्या उलट आहे. त्याला नोंदणी क्रमांक आहे, विमा आहे, बँकेचे कर्ज आहे, अनुदान आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, तीही आंदोलन झाल्यावर. यंत्राला टनामागे माणसापेक्षा अधिक दर का, असा प्रश्न त्या वेळी संघटनांनी विचारला होता. त्याचे समाधानकारक उत्तर देता येण्यासारखे नाही.

आता एक ढोबळ हिशेब करून पाहावा. एका यंत्राचे काम पन्नास कोयत्यांइतके धरले, तर ९०० यंत्रे ४५ हजार कोयत्यांचे, म्हणजे ९० हजार माणसांचे काम करतील. प्रत्येक यंत्राला ३५ लाख या दराने अनुदानाची रक्कम ३१५ कोटी होते. तिला ४५ हजारांनी भागले की प्रत्येक कोयत्यामागे ७० हजार रुपये येतात. कोयत्यामागे दिली जाणारी उचल याच घरातली असते. म्हणजे ज्या रकमेत ४५ हजार कुटुंबे मुकादमाच्या पाशातून मोकळी करता आली असती, तेवढी रक्कम त्यांचे काम काढून घेणाऱ्या यंत्रांवर सार्वजनिक तिजोरीतून खर्च होत आहे. अनुदान देऊ नये असा याचा अर्थ नव्हे. अनुदानाबरोबर येणारी मालकी कोणाला द्यायची, एवढाच यातील प्रश्न आहे.

शेतकऱ्याला या लढ्यात विरोधी पक्ष मानण्याची चूकही होता कामा नये. तोडीसाठी खुशाली द्यावी लागते, गाडीवानाला एंट्री द्यावी लागते, उचल घेऊन मुकादम पसार होतात, या त्याच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि यंत्राचे आकर्षण त्यांतूनच वाढले आहे. परंतु या सर्व अपप्रवृत्ती मध्यस्थाच्या व्यवस्थेतून निघालेल्या आहेत. मध्यस्थ गेला तर शेतकरी आणि कामगार दोघांचीही सुटका होईल. मुकादमाच्या जागी यंत्राचा ठेकेदार आला, तर दोघेही होते तेथेच राहतील.

कार्यक्रम

यातून चळवळीपुढे एक स्पष्ट कार्यक्रम उभा राहतो. पहिली मागणी नोंदणीची. प्रत्येक ऊसतोड कामगाराची, स्त्रीची तिच्या स्वतःच्या नावाने, ग्रामपंचायतीत नोंद व्हावी. नवरा-बायको मिळून एक कोयता ही मोजणीची रीतच बंद झाली पाहिजे, कारण त्या कोयत्याची मजुरी बाईच्या हातात कधी पडत नाही. यंत्रावरील चालकाचे व ट्रॉलीचे काम पुरुषांकडे गेले की सर्वांत आधी बेकार होतील त्या विधवा आणि परित्यक्ता स्त्रिया. तेव्हा प्रशिक्षणात त्यांचा वाटा राखलेला असावा.

दुसरी मागणी मालकीची. अनुदानित यंत्रांत पहिला हक्क ऊसतोड कामगारांच्या सहकारी संस्थांचा असावा. पन्नास कोयत्यांची एक संस्था, तिला एक यंत्र, भागभांडवलाला शासनाची हमी आणि कारखान्याशी थेट तोडणी-करार अशी रचना अशक्य नाही. ज्या राज्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा साखर कारखाना १९५० साली चालू करून दाखवला, त्या राज्यात कामगारांच्या मालकीचे यंत्र चालू शकणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही. यंत्र चालवणे, त्याची दुरुस्ती, लहान तुकड्यांची तोडणी, यंत्र न जाणाऱ्या रानातील काम, पाचटाची व्यवस्था अशी कामे संस्थेतच वाटली जातील आणि कामाचे तास कमी होऊनही उत्पन्न टिकेल.

तिसरी मागणी निधीची. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले. यंत्राने तोडलेल्या टनावर याहून अधिक आकारणी असावी आणि ती शेतकऱ्याच्या बिलातून नव्हे, कारखान्याच्या नफ्यातून वसूल व्हावी. त्यातून जुनी उचल-बाकी मिटवावी, विमा व निवृत्तिवेतन द्यावे, मुलांची वसतिगृहे बारा महिने चालवावीत. हमालांसाठी १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, तेव्हा अनेक मालक असलेल्या कामगारालाही मंडळाच्या द्वारे हक्क देता येतात, हे सिद्ध झाले. ऊसतोड कामगारासाठी तोच मार्ग मोकळा आहे.

चौथी मागणी गावातील कामाची. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून घडलेला आणि वि. स. पागे यांनी पुढे आणलेला रोजगार हमीचा विचार १९७७ साली या राज्याने कायद्यात आणला. ज्या तालुक्यांतून टोळ्या जातात, तेथे हंगामाच्या काळातच मृद्-जलसंधारणाची, वनीकरणाची कामे काढली, तर यंत्रामुळे परत आलेल्या माणसाला गावात पाय टेकायला जागा मिळेल.

कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी आपापल्या तालुक्यात तीन गोष्टींची माहिती गोळा करावी. अनुदानित यंत्रे कोणाच्या नावावर आहेत, त्यांच्यामुळे किती कोयते कमी झाले आणि त्या कोयत्यांवर उचलीची किती बाकी आहे. ही माहिती गावसभेत मांडावी, शेतकरी आणि कामगार दोघांसमोर मांडावी. यंत्र अडवण्याच्या आंदोलनात शेतकरी दूर जातो. यंत्राच्या मालकीच्या आंदोलनात तो बरोबर येऊ शकतो. अनुदानाच्या पुढच्या याद्या निघण्यापूर्वी हे काम झाले नाही, तर कोयता जाईल, मुकादम तसाच राहील आणि उचलीची वही पुढच्या पिढीच्या नावावर चढेल.